सुरुवात जुळते, शेवट जुळत नाही

मैफलीचं चित्रण आज साधारण असं होतं. समोर मध्यभागी एक मिररलेस कॅमेरा, २५ फ्रेमवर. डाव्या बाजूला आयोजकांपैकी कुणाचा तरी आयफोन, ३० फ्रेमवर. तबलजीच्या समोर जमिनीलगत एक छोटा ॲक्शन कॅमेरा, ज्याच्या सेटिंगकडे कुणी पाहिलेलंच नाही. या तिघांपैकी कुणाचाच आवाज वापरायचा नसतो. खरा आवाज मिक्सरला जोडलेल्या वेगळ्या रेकॉर्डरमध्ये नोंदला जात असतो. संकलनाला बसल्यावर हे चौघे एका टाइमलाइनवर येतात, सॉफ्टवेअरमधला ‘सिंक्रोनाइझ’चा पर्याय दाबला जातो आणि पहिला आलाप चोख जुळतो. चाळिसाव्या मिनिटाला द्रुत बंदिशीत मात्र थाप आधी ऐकू येते आणि हात नंतर खाली येतो.

नाटक, कीर्तन, लग्न, व्याख्यान, मुलाखत, सगळीकडे तक्रार हीच. तिच्यावर सल्लाही मुबलक मिळतो. कुणी सांगतं टाळी वाजवा, कुणी म्हणतं टाइमकोडच्या डब्या घ्या, कुणी फाइली आधी बदलून घ्यायला सांगतं, कुणी आवाज थोडा ताणायला. यातला प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे बरोबर असतो, म्हणूनच गोंधळ वाढतो. ‘सिंक गेला’ या एका तक्रारीखाली चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. आधी बिघाड ओळखायचा, मग उपाय निवडायचा, हा क्रम पाळला तर बहुतेक वेळा महागडं काहीच लागत नाही. या लेखात त्याच क्रमाने सगळ्या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

किती चुकलं म्हणजे चुकलं?

चित्र आणि आवाज अगदी तंतोतंत जुळण्याची गरज नसते. माणसाच्या जाणिवेला थोडी सूट चालते, पण ती दोन्ही बाजूंना सारखी नाही. प्रकाश आवाजाच्या कितीतरी पट वेगाने येतो, त्यामुळे दूरच्या धोब्याचा कपडा दगडावर आपटलेला आधी दिसणं आणि मग ऐकू येणं याची आपल्याला जन्मापासून सवय आहे. उलटं निसर्गात कधी घडतच नाही. म्हणून आवाज जरा उशिरा आला तर आपण खपवून घेतो. आधी आला तर लगेच खटकतं.

प्रसारणाच्या जगाने यावर आकडे ठरवले आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीप्रमाणे आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद उशिरा आला की फरक जाणवू लागतो. युरोपीय प्रसारण संघाची आर३७ ही शिफारस अधिक कडक आहे: ४० मिलिसेकंद आधी, ६० उशिरा, यापलीकडे जायचं नाही. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज एक फ्रेम पुढे सरकला की मर्यादा संपली. बोलण्याच्या लांबच्या शॉटमध्ये दोन फ्रेमची चूक सहज लपते; तबल्याच्या, टाळीच्या किंवा नर्तकीच्या पायांच्या क्लोजअपमध्ये एक फ्रेमही लपत नाही.

इथेच एक इशारा देणं भाग आहे. ब्लूटूथ हेडफोनमधून आवाज पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. सॉफ्टवेअरने तो उशीर भरून काढला नाही तर सगळं फुटेज चुकलेलं वाटतं, आणि ते ‘दुरुस्त’ केलं की फाइल खरोखरच बिघडते. सिंक तपासताना तारेचा हेडफोनच वापरावा. मोठ्या टीव्हीवरचं चित्र त्यातल्या प्रक्रियेमुळे मागे पडतं, तेव्हा त्याच्यावरही निकाल देऊ नये.

प्रश्न जुना, रूप नवं

बोलपट आला तेव्हापासून हा प्रश्न आहे. १९२७च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये आवाज फिल्मवर नव्हता, व्हायटाफोनच्या तबकडीवर होता. फिल्म तुटली आणि जोडताना चार फ्रेम गेल्या की पुढचं सगळं चित्र आवाजाच्या आधी धावे. म्हणून गेलेल्या फ्रेमइतकीच काळी फिल्म मधे जोडावी लागे. अर्देशिर इराणींच्या ‘आलम आरा’ने दुसरी वाट धरली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या या चित्रपटाचा आवाज टॅनार यंत्रणेने कॅमेऱ्यातच, चित्राच्या फिल्मवर नोंदला होता. एकच यंत्र, एकच फिल्म, त्यामुळे सिंक आपोआप. मात्र अशा फिल्मवर चित्र आणि आवाज कापताना वेगळे करता येत नाहीत, म्हणून चित्रपटसृष्टी लवकरच आवाजासाठी वेगळं यंत्र वापरण्याकडे वळली. दोन यंत्रं आली तशी ती जुळवणारी क्लॅपची पाटीही आली.

दोन यंत्रं एका वेगाने चालवण्यासाठी मग एकेक युक्ती निघाली. स्टेफान कुडेल्स्की यांच्या नाग्रा टेपरेकॉर्डरवर कॅमेऱ्याच्या वेगाचा इशारा आवाजाच्या जोडीने टेपवर उमटत असे. नंतर स्फटिकाच्या घड्याळांनी कॅमेरा आणि टेपमधली केबल काढून टाकली. आपल्याकडे मात्र गोंगाट करणारे कॅमेरे आणि त्याहून गोंगाटाची लोकेशन यांमुळे चित्रपटांनी अनेक दशकं डबिंगचा आसरा घेतला. ‘लगान’च्या वेळी, २००१ साली, चित्रीकरणाच्या जागीच आवाज नोंदणं ही सांगण्यासारखी गोष्ट ठरली होती.

व्हिडिओ कॅमकॉर्डरच्या काळात हा प्रश्न छोट्या युनिटच्या विस्मरणात गेला, कारण चित्र आणि आवाज पुन्हा एका टेपवर आले. २००८मध्ये कॅननचा फाइव्ह डी मार्क टू आला आणि सगळं बदललं. चित्र सिनेमासारखं, आवाज मात्र कामचलाऊ. म्हणून प्रत्येकाने शेजारी छोटा रेकॉर्डर ठेवायला सुरुवात केली. हा कॅमेरा सुरुवातीला नेमक्या ३० फ्रेमवर चित्र घ्यायचा आणि ४४.१ किलोहर्ट्झवर आवाज. व्हिडिओच्या जगात ३० म्हणून ओळखला जाणारा वेग प्रत्यक्षात २९.९७ आहे आणि आवाजाचा रिवाज ४८ किलोहर्ट्झचा. कुणी हे फुटेज २९.९७ धरून चालवलं की चित्र हजारात एक भाग मंद होई आणि रेकॉर्डरचा आवाज पुढे निघून जाई. मार्च २०१०च्या फर्मवेअरने वेग २९.९७ केला, २५ आणि २३.९७६ यांची भर घातली आणि आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणला. आजच्या बहुतेक अडचणींची बीजं त्या एका कॅमेऱ्यात सापडतात.

तीन जागी तपासा

फुटेज एकदा जुळवल्यावर सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन जागी अंतर मोजायचं. मोजण्यासाठी डोळ्यांना आणि कानांना एकाच क्षणी कळेल अशी घटना हवी. तबल्याची थाप, टाळ, ठेवलेला पेला चालतो. बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत प, ब, म ही अक्षरं शोधावीत: ओठ मिटून उघडतात तो क्षण फ्रेम-फ्रेम पुढे नेऊन पकडता येतो. ‘क’ किंवा ‘त’ वर मोजायला गेलं तर आत जीभ काय करते ते दिसतच नाही.

तिन्ही जागी अंतर सारखं निघालं तर बिघाड फक्त सुरुवातीच्या जागेचा आहे. क्लिप तेवढी सरकवली की संपलं.

सुरुवातीला शून्य, मध्यावर दोन फ्रेम, शेवटी चार, असं सरळ रेषेत अंतर वाढत गेलं तर दोन यंत्रांच्या वेगात फरक आहे. याला ड्रिफ्ट म्हणतात.

मध्यावर पाच फ्रेम आणि शेवटी दोनच, असं अंतर वर-खाली हेलकावत असेल तर फाइलचा फ्रेम रेटच स्थिर नाही. फोनच्या फुटेजमध्ये हे सर्वांत जास्त दिसतं.

चौथा प्रकार उडीचा. विसाव्या मिनिटापर्यंत सगळं नीट आणि एका जागेनंतर एकदम सहा फ्रेमचा फरक, जो पुढे तसाच टिकतो. तिथे फाइल तुटलेली असते किंवा काही फ्रेम नोंदल्याच गेलेल्या नसतात.

सॉफ्टवेअरमधली स्वयंचलित जुळवणी यातला पहिला बिघाड काढते. बाकीचे तीन तिच्या हाताबाहेरचे आहेत, आणि पहिला आलाप जुळलेला पाहून आपण निर्धास्त होतो ते त्यामुळेच.

वेग कुठे बिघडतो

सर्वांत मोठा गैरसमज फ्रेम रेटचा. २५च्या टाइमलाइनवर ३०ची क्लिप टाकली म्हणून सिंक जातो, असं सर्रास मानलं जातं. तसं होत नाही. फाइलवर तिचा वेग नीट नोंदलेला असेल तर प्रीमियर, रिझॉल्व्ह किंवा फायनल कट दर सहा फ्रेममधली एक गाळून वेळ बरोबर राखतात. हालचाल अडखळते, कॅमेरा फिरवताना झटके दिसतात, पण आवाज जागेवर राहतो. सिंक जातो तो कुणीतरी त्या क्लिपला ‘तू २५चीच आहेस’ असं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून सांगितलं तर. मग एका मिनिटाची क्लिप ७२ सेकंद चालते. स्लो मोशनसाठी हे योग्य आहे, बोलण्यासाठी नाही.

हीच गोष्ट लहान फरकांची. २४ आणि २५ यांत गफलत झाली तर मिनिटाला सुमारे अडीच सेकंदांचा फरक पडतो; तो लगेच लक्षात येतो. ३० आणि २९.९७ यांची गफलत फसवी असते: मिनिटाला ६० मिलिसेकंद, तासाला ३.६ सेकंद. या ०.१ टक्क्याचा उगम अमेरिकेत १९५३मध्ये आहे. कृष्णधवल टीव्हीच्या लहरींमध्ये रंगाची माहिती घुसवताना तिची आवाजाच्या लहरीशी लुडबुड होऊ नये म्हणून वेग १००१ला १००० या प्रमाणात कमी केला गेला. भारताने ५० हर्ट्झच्या विजेला साजेशी, नेमक्या २५ फ्रेमची पाल पद्धत घेतली, त्यामुळे आपल्या टीव्हीवाल्यांना हा अपूर्णांक कधी सोसावा लागला नाही. आता ३० आणि २४ हेच मूळ सेटिंग म्हणून घेऊन येणारे फोन आणि ॲक्शन कॅमेरे तो आपल्या टाइमलाइनवर आणून सोडतात.

आवाजाच्या बाजूची चूक कानाला आधी कळते. ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज ४८चा समजून वाजवला तर एक मिनिट ५५ सेकंदांत संपतं आणि स्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी ऐकू येतो. आजची सॉफ्टवेअरं हे रूपांतर आपोआप नीट करतात; चूक होते ती फाइलवरची नोंद हरवलेली असते तेव्हा. वेग आणि स्वर दोन्ही बदललेले दिसले तर आवाज ताणत बसू नये, फाइलची नोंद दुरुस्त करावी.

सेटिंग सगळी एकसारखी असूनही उरतो तो स्फटिकांमधला फरक. प्रत्येक कॅमेऱ्यात आणि रेकॉर्डरमध्ये वेळ मोजणारा क्वार्ट्झचा तुकडा असतो आणि दोन तुकडे कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत १० भागांचा फरक म्हणजे तासाला ३६ मिलिसेकंद, जेमतेम एक फ्रेम. ५० भागांचा असेल तर तासाला १८० मिलिसेकंद, साडेचार फ्रेम. तापमानाने हा वेग बदलतो. रंगमंचाच्या दिव्यांखाली तापलेला छोटा कॅमेरा आणि वातानुकूलित कक्षातला रेकॉर्डर यांच्यात फरक पडणारच. तीन मिनिटांच्या शॉटमध्ये हे कधी जाणवत नाही. सलग दोन तासांच्या नाटकात हमखास जाणवतं.

फोनची गोष्ट वेगळी. फोनचा कॅमेरा प्रकाश कमी झाला की एक्सपोजर वाढवण्यासाठी फ्रेम कमी करतो, तापला की काही गाळतो. आयफोनच्या सेटिंगमध्ये तर ‘ऑटो एफपीएस’ असा पर्यायच आहे. अशा फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमला स्वतःची वेळ चिकटवलेली असते. संकलनाच्या सॉफ्टवेअरने ती वेळ न पाहता सरासरी वेग धरला की चित्र कधी पुढे, कधी मागे जातं. ‘मीडियाइन्फो’ या मोफत साधनात फाइल उघडली की तिचा फ्रेम रेट स्थिर आहे की बदलता, हे लिहिलेलं दिसतं. फोनचं फुटेज हाती आलं की पहिलं काम हेच.

उड्यांचं कारण बहुधा मेमरी कार्डात असतं. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे कॅमेरा लांब चित्रणाचे तुकडे पाडतो. एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या बाबतीत कार्डातलं पूर्ण फोल्डर न उचलता फक्त आतल्या फाइली सुट्या उचलल्या तर सांध्यावर आवाजाचे काही क्षण गळतात. लग्नाच्या धावपळीत ‘नुसते व्हिडिओ घे’ म्हणून केलेली कॉपी इथे महागात पडते.

जुळवण्याच्या रीती: टाळीपासून टाइमकोडपर्यंत

सर्वांत स्वस्त रीत टाळीची. सगळे कॅमेरे आणि रेकॉर्डर चालू झाले की सगळ्यांना दिसेल अशी एक टाळी. तिची खरी किंमत मात्र दुसऱ्या टाळीने वाढते. कार्यक्रम संपल्यावर, यंत्रं बंद करण्याआधी आणखी एक टाळी वाजवली तर ड्रिफ्ट किती झाला याचं उत्तर आयतंच मिळतं. चित्रपटांच्या सेटवर शेवटची पाटी उलटी धरण्याची पद्धत आहे, म्हणजे ती शेवटची हे संकलकाला कळतं.

रंगमंचावर जाऊन टाळी वाजवणं नेहमी शक्य नसतं, पण आपल्या कार्यक्रमांत तिला पर्याय भरपूर आहेत. मैफलीआधी तबलजी हातोडीने तबला लावतो. तो प्रत्येक ठोका स्पष्ट दिसतो आणि ऐकू येतो. नाटकाची तिसरी घंटा दिसत नसली तरी प्रेक्षागृहातल्या प्रत्येक यंत्राला ऐकू जाते. कीर्तनात चिपळ्या आहेत. ते क्षण सापडावेत म्हणून यंत्रं कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी सुरू करावीत, एवढीच अट.

दुसरी रीत वेव्हफॉर्मची. सॉफ्टवेअर एका आवाजाचा आलेख दुसऱ्यावर सरकवत नेतं आणि दोघांचं साम्य सर्वांत जास्त भरतं ती जागा निवडतं. २००९च्या सुमारास ‘प्लुरलआइज’ या साधनाने ही सोय छोट्या संकलकांपर्यंत आणली. पुढे फायनल कट प्रो एक्स, प्रीमियर आणि रिझॉल्व्ह यांनी ती आपल्यातच सामावून घेतली आणि वेगळ्या साधनाची गरज मावळली. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही ती आहे. यासाठी प्रत्येक कॅमेऱ्याचा माइक चालू असायला हवा. ‘याचा आवाज वापरायचाच नाही’ म्हणून तो बंद करणारा कॅमेरामन संकलकाचं अर्ध्या दिवसाचं काम वाढवतो.

ही रीत फसते कुठे, तेही ओळखीचं आहे. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत तोच ठेका मिनिटभर फिरत राहतो, तेव्हा साम्याच्या दहा जागा सापडतात आणि सॉफ्टवेअर एक आवर्तन पुढची जागा निवडतं. वर आवाज इतका मोठा की आलेखाचे शेंडे कापलेले. चार-पाच सेकंदांच्या क्लिपमध्ये पुरेसा पुरावा नसतो. जलरोधक पेटीतल्या ॲक्शन कॅमेऱ्याला ऐकू येतं ते घुसमटलेलं. संवाद, व्याख्यान, नाटक यांत मात्र ही रीत क्वचितच चुकते, कारण बोलणं कधी हुबेहूब पुन्हा घडत नाही.

तिसरी रीत टाइमकोडची. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा पत्ता देण्याची ही पद्धत १९६०च्या दशकाअखेर विकसित झाली आणि १९७०च्या दशकात प्रमाण ठरली. टेंटॅकल, डायटी यांसारख्या छोट्या डब्या आता प्रत्येक कॅमेऱ्यावर बसवता येतात. टाइमकोडची वेगळी खोबण नसेल तर तो माइकच्या खोबणीतून आवाजाच्या एका ट्रॅकवर ध्वनी म्हणून नोंदला जातो आणि रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर तो वाचून घेतं. दिवसभरात शेकडो छोट्या क्लिप घेणाऱ्या माहितीपटासाठी याला तोड नाही.

पण टाइमकोडकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. साधारणपणे तो क्लिपच्या सुरुवातीला पत्ता देतो. पुढे चित्राचा वेग कॅमेऱ्याचाच स्फटिक ठरवतो. एकाच दोन तासांच्या क्लिपमधला ड्रिफ्ट टाइमकोड रोखू शकत नाही. तो रोखायचा तर सगळ्या यंत्रांना एकाच घड्याळाचा ठेका द्यावा लागतो, म्हणजे कॅमेऱ्यांना जेनलॉक आणि रेकॉर्डरला वर्डक्लॉक. ती सोय स्टुडिओच्या आणि वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांत असते. बाजारातल्या बहुसंख्य मिररलेस कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये ती नाही, म्हणून छोट्या युनिटने तिच्यामागे लागू नये.

सभागृहातलं अंतर

इतकं सगळं पाळूनही शेवटच्या रांगेतल्या कॅमेऱ्याचा क्लोजअप खटकतो, तेव्हा दोष कुठल्याच यंत्राचा नसतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. वीस मीटरवरच्या कॅमेऱ्याला चित्र लगेच मिळतं आणि आवाज ५८ मिलिसेकंद उशिरा. मिक्सरला जोडलेल्या रेकॉर्डरला हा उशीर नसतो. वेव्हफॉर्मची जुळवणी दोन आवाज एकमेकांवर बसवते, तेव्हा त्या कॅमेऱ्याचं चित्र ५८ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ दीड फ्रेम, लवकर येऊन बसतं. जुळवणी गणिताने बरोबर, डोळ्यांना चूक.

उपाय सोपा आहे. अशा कॅमेऱ्याची क्लिप जुळवणीनंतर अंतराच्या हिशेबाने मागे सरकवायची: साधारण दर चौदा मीटरला एक फ्रेम. स्पीकर कॅमेऱ्याजवळ टांगलेले असतील तर अंतर स्पीकरपासून मोजावं, कारण कॅमेऱ्याने ऐकलं ते त्यांना. शेवटचा निर्णय क्लोजअपमधल्या थापेवर किंवा ओठांवर. लांबच्या शॉटला हात लावण्याची गरज नसते.

दुरुस्ती: काय हलवायचं, काय नाही

एडिटच्या टेबलावरचा मुख्य निर्णय असा: घड्याळ कुणाचं मानायचं? उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं, चांगल्या आवाजाचं. एक फ्रेम गेलेली डोळ्यांना कळत नाही. आवाजातला एका फ्रेमचा खड्डा कानाला टोचतो, आणि तानपुऱ्याच्या अखंड सुरात तर तो लपवताच येत नाही. म्हणून रेकॉर्डरचा ट्रॅक टाइमलाइनवर न कापता, न ताणता आडवा टाकायचा आणि चित्रं त्याच्याभोवती हलवायची.

सरळ रेषेतला ड्रिफ्ट असेल तर अनेकजण वेगाचा आकडा बदलायला जातात. तासाला पाच फ्रेम म्हणजे ०.००५५ टक्के. ज्या सॉफ्टवेअरमध्ये वेग दोन दशांश स्थळांपर्यंतच लिहिता येतो, तिथे सर्वांत लहान पाऊल तासाला नऊ फ्रेमचं पडतं. उपाय बिघाडापेक्षा मोठा. त्यापेक्षा दुय्यम कॅमेऱ्याची लांब क्लिप दर दहा मिनिटांनी कापावी आणि प्रत्येक तुकडा पुन्हा जुळवावा. तासाला १८० मिलिसेकंदांचा ड्रिफ्ट दहा मिनिटांत ३० भरतो, म्हणजे एका फ्रेमच्या आत. मल्टिकॅममध्ये एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना सांधे तसेही लपतात. एकाच कॅमेऱ्याची मुलाखत असेल आणि चित्र कापायचं नसेल, तरच आवाज हलवावा, तोही बोलण्यातल्या विरामात, खोलीच्या शांततेचा तुकडा भरून.

हेलकावणाऱ्या फुटेजला कापाकापीने गुण येत नाही. ते संकलनाआधीच स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावं. ‘हँडब्रेक’मध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडता येतो, एफएफएमपेगने तेच काम प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर प्रकारात करता येतं. मूळ फाइल ठेवून द्यावी. आजची काही सॉफ्टवेअरं बदलता फ्रेम रेट सांभाळण्याचा दावा करतात आणि लहान क्लिपमध्ये तो खराही ठरतो. तासाभराच्या फाइलवर तीन जागांची तपासणी केल्याशिवाय विश्वास टाकू नये.

उडीसाठी जागा शोधून तिथेच क्लिप कापायची आणि पुढचा भाग नवी क्लिप समजून जुळवायचा. यापेक्षा हुशारी करण्यात वेळ जातो, फायदा होत नाही.

पैसा आणि मेहनत कुठे घालावी

सगळ्या उपायांची उजळणी केली तर स्वस्त उपाय चित्रीकरणाच्या आधीचे आणि महाग उपाय नंतरचे, असं चित्र दिसतं. सगळे कॅमेरे २५ फ्रेमवर, आवाज सगळीकडे ४८ किलोहर्ट्झवर. आयफोनमध्ये पाल पर्याय दाखवण्याचं सेटिंग चालू केलं की २५ मिळतं. ‘ऑटो एफपीएस’ बंद करायचं. ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा ॲप हाच वेग आयफोनवर आणि त्याला चालणाऱ्या अँड्रॉइड फोनवर देतं. ५० हर्ट्झच्या विजेखाली २५ फ्रेमला १/५० शटर ठेवलं की दिव्यांचं लुकलुकणंही टळतं, तो फायदा वेगळाच. प्रत्येक माइक चालू, सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी, मध्यंतरात सगळी यंत्रं बंद करून पुन्हा सुरू. मध्यंतराच्या या एका सवयीने ड्रिफ्टला वाढायला मिळणारा वेळ निम्मा होतो. यातल्या कशालाही पैसा लागत नाही. पैसा हाती असेल तर टाइमकोडच्या डब्यांचा क्रमांक त्यानंतरचा, आणि तोही पुष्कळ छोट्या क्लिप असतील तरच.

हे कळत असूनही होत का नाही? छोट्या युनिटमध्ये प्रत्येक कॅमेऱ्यामागे एकजण असतो, मिक्सरपाशी एकजण असतो, पण सगळ्यांची घड्याळं एक आहेत ना हे पाहणारं कुणीच नसतं. फोन आयोजकाचा, ॲक्शन कॅमेरा मित्राचा, रेकॉर्डर साउंडवाल्याचा. प्रत्येकाचं यंत्र आपल्यापुरतं बरोबर चालतं. कार्यक्रमाआधी दहा मिनिटं एका माणसाने सगळ्या यंत्रांवरून फिरून तीनच आकडे पाहायचे असतात. तो माणूस नेमला नाही की ते काम पुढे सरकत संकलकाकडे येतं आणि त्याच्यापाशी तोवर कापण्याखेरीज दुसरा इलाज उरलेला नसतो.